गोदूबायच्या बोटीतली वीज

खारवाडीतले लोक गोदूबायबद्दल बोलत ते आवाज उतरवून, आणि बोलून झाल्यावर एकदा मागे वळून बघत. ती समोरून येत असेल तर बांधावरून खाली उतरावे, मागून येत असेल तर पावले उचलावीत, असे बायका सांगत. शेजारच्या रंगूचे म्हणणे असे की हिच्या शेवग्यावर कावळासुद्धा विचारून बसतो. जेट्टीवरचे पुरुष जरा मोकळेपणाने बोलत, कारण तिथून तिचे घर लांब होते. "बोटीची बॅटरी बसली तर घाबरू नको," ते एकमेकांना म्हणत, "गोदूबायच्या तोंडाला दोन वायरी लाव. थेट भाऊच्या धक्क्याला लागशील."

हे सगळे गोदूबायच्या कानावर येत असे आणि त्यातले फारसे काही तिला खोटे वाटत नसे. तिचा जन्म मिठागरावरचा. वाफ्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची तर वाऱ्यापेक्षा मोठा आवाज काढावा लागे; हळू बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नसे, आणि ज्याचे कोणी ऐकत नसे त्याच्या वाफ्यातले पाणी दुसराच वळवून नेई. एवढे शिकून ती रेवसच्या अलीकडच्या खारवाडीत बाळाजीच्या घरी नांदायला आली होती.

बाळाजी मऊ माणूस होता. खाडीत जाळे टाकता टाकता त्याच्या लक्षात आले की सुट्टीच्या दिवशी मुंबईहून काही लोक महागडे गळ घेऊन येतात. त्यांना मासा खायचा नसतो. मासा ओढ घेतो तेव्हा हातात जी थरथर उठते, तिच्यासाठी ते एवढ्या लांब येतात. बाळाजीने फायबरची बोट घेतली, मागे मोठे इंजिन बसवले, बसायला गाद्या, पाण्याखालचे मासे दाखवणारा एक छोटा पडदा आणि एक वायरलेस. इंजिन सुरू होण्यापासून पडदा उजळण्यापर्यंत सगळे एकाच बॅटरीवर चाले. बोटीचे नाव त्याने 'माउली' ठेवले आणि आतून तिला आकाशी रंग दिला. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे काम त्याचे. बाकी सगळे काम गोदूबायचे.

तो अचानक गेला तेव्हा पाऊस होता आणि बोट किनाऱ्यावर पालथी घातलेली होती. दिवसकार्य उरकले त्याच संध्याकाळी धाकटा दीर काळूराम ओसरीवर येऊन बसला. गोदूबाय तांदूळ निवडत होती.

"वयनी, बोट आता माज्याकरं दे," तो म्हणाला. "बाईमानूस सुकानावर बसलेला शोभत न्हाय."

गोदूबायने सुपातून मान वर केली नाही. "शोभाया मी काय नवरी हाय?"

त्यानंतर काळूरामने स्वतःची बोट आणली, आणि दोघे एकाच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून जगू लागले. त्यात भर म्हणजे जेट्टीवरच्या जागा घराण्यांप्रमाणे दिलेल्या होत्या. दोघे भाऊ एका घरचे, म्हणून दोन्ही बोटी एकमेकींना लागून बांधलेल्या. आतल्या बाजूला 'माउली', बाहेरच्या बाजूला काळूरामची. बाहेरच्या बोटीवर जायचे तर आतल्या बोटीवरून, चपला हातात घेऊन, ओलांडून जायचे, ही खारवाडीची जुनी वहिवाट. काळूराम रोज सकाळी भावजयीच्या बोटीवरून चालत जाई, आणि गोदूबाय रोज सकाळी त्याच्या पायांकडे बघत राही. बोट ओलांडणे ती थांबवू शकत नव्हती. मात्र दुसऱ्या कोणाचाही हात तिने बोटीला लागू दिला नाही. श्रावणात नारळी पुनवेच्या आधी बोट रंगवायची ती तिनेच, आणि खंडेनवमीला इंजिनाची पूजा करायची तीही तिनेच.

दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. पाणी निवळले होते आणि खांदेरीच्या खडकांपाशी मासा लागत होता. त्या रविवारी तिच्या बोटीवर अमिषाबेन नावाची नेहमीची गिऱ्हाईक, तिचा नवरा आणि त्याचे दोन मित्र होते. गोदूबायने इंजिन बंद करून बोट प्रवाहावर सोडून दिली होती. परतायची वेळ झाली तशी तिने किल्ली फिरवली. इंजिनातून नुसते 'टक्' असे झाले, पडदा विझला, वायरलेसचा दिवा गेला. किल्ली सोडली तसा पडदा पुन्हा उजळला, जणू काही घडलेच नव्हते. पुन्हा फिरवली, पुन्हा सगळे विझले.

"आंटी, चालू नहीं होगा क्या?" अमिषाबेनने विचारले.

"होईल," गोदूबाय म्हणाली. "त्याला तुमच्या तोंडाकरं बगून हसू येतंय, म्हनून थांबलाय."

झाले मात्र नाही. शेवटी जो दोर टाकायला आला तो काळूरामच निघाला. त्याने 'माउली'ला आपल्या बोटीमागे बांधले आणि खांदेरीपासून जेट्टीपर्यंत खेचत आणले. वाटेत अमिषाबेनचा नवरा मोबाईलवर चित्रण करत होता. गोदूबाय सुकाणू धरून ताठ उभी होती, जरी त्या सुकाणूला काही काम उरले नव्हते. जेट्टीवर माणसे जमली होती. काळूरामने दोर सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "वयनी, भंगारात जायच्या आधी तरी इक मना."

जेट्टीच्या कमिटीचे प्रमुख कान्हानाना वयाने मोठे आणि बोलायला सरळ होते. खाडीतून दिवसभर बार्ज, म्हणजे माल भरलेल्या मोठ्या सपाट बोटी, जातात. त्यांना जागच्या जागी थांबता येत नाही, आणि त्यांच्या वाटेत बंद पडलेली बोट म्हणजे सगळ्या गावाच्या डोक्याला ताप. "गोदू, एक डाव चालून जाईल," नाना म्हणाले. "पुन्हा ही बोट बार्जाच्या वाटंत बंद परली, तर जेट्टीवरची जागा काढून घेऊ. मंग कुठं बांधायची तिथं बांध."

बांधायला दुसरी जागा नव्हती. जेट्टी सोडली की सगळीकडे मांडीभर चिखल, आणि मांडीभर चिखलातून बोटीत चढायला मुंबईचे गिऱ्हाईक येणार नव्हते. जागा गेली की बोट गेली, आणि बोट कोणाच्या दारात जाऊन उभी राहील हे गोदूबायला विचारावे लागणार नव्हते.

तिने अलिबागहून विनेशला बोलावले. तो बोटींच्या वायरिंगची कामे करी. त्याने बॅटरीला मीटर लावले. आकडा साडेबारा व्होल्टच्या वर दाखवत होता. "वीज आहे, मावशी. पण बॅटरी जुनी झालीय, दम टिकत नसेल," असे म्हणून त्याने नवी बॅटरी बसवली, वायरी हलवून घट्ट केल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरून उठले. विनेश निघून गेला.

पुढच्या फेरीला ती खाडीच्या तोंडाशी आली आणि एका गिऱ्हाइकाची टोपी पाण्यात पडली म्हणून तिने इंजिन बंद केले. टोपी काढली, किल्ली फिरवली. टक्. पडदा विझला. धरमतरकडून एक बार्ज येत होता. गोदूबायने नांगर टाकला, पण तळ रेवाळ होता आणि नांगर घसरत होता. बार्जचा भोंगा सुरू झाला, तो पार जेट्टीपर्यंत ऐकू गेला. गिऱ्हाइके ओरडू लागली. गोदूबायने संतापून मागच्या बाकाला लाथ घातली, जशी आडमुठ्या बैलाला घालावी, आणि पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. बार्ज इतक्या जवळून गेला की त्याच्या बाजूवरचे गंजाचे डाग तिला मोजता आले असते.

ती खेचून न आणता परतली, म्हणून नानांनी जागा लगेच काढली नाही. पण भोंगा सगळ्यांनी ऐकला होता आणि मीटिंग बोलवायची ठरली. गोदूबाय घरी आली तेव्हा तिचा संशय पक्का झाला होता. बॅटरी नवी. मग वीज जाते कुठे? त्याच दिवशी सकाळी तिने काळूरामला आपल्या बोटीवर पाहिले होते. नुसता ओलांडताना नव्हे. मागच्या बाकाच्या कोपऱ्यापाशी वाकलेला.

दुसऱ्या दिवशी माशांचा लिलाव चालू असताना ती जेट्टीवर आली. काळूराम माणसांत उभा होता.

"कालू," ती म्हणाली. दिराला ती आजवर 'भावजी' म्हणत आली होती. गर्दी तेवढ्यानेच गप्प झाली. "माज्या बोटीची वायर तू तोरलीस."

"डोकं फिरलंय का तुजं?"

"बाकाखाली वाकून काय करत व्हतास? देव शोधत व्हतास?"

"पेट्रोलचा कॅन जड व्हता, तो टेकवला क्षणभर."

"माज्याच बोटीत टेकवाया मिलाला? तुज्या बोटीला बूर न्हाय?"

"बगा रे बगा," काळूराम लोकांकडे वळला, "हिना बोट चालवता येत न्हाय, आन चोर मी!"

"चोर मी म्हटला न्हाय. तूच म्हटलास," गोदूबाय म्हणाली आणि निघून गेली. मागे राहिलेल्या माणसांनी काळूरामकडे बघितले, आणि मग माशांकडे.

तेवढ्यावर ती थांबली नाही. खारवाडीत तंटा तुटत नसेल तर गावदेवीपुढे गाऱ्हाणे घालतात. देवीच्या पायाशी नारळ ठेवायचा, आपले म्हणणे मांडायचे, आणि ज्याने केले त्याला शिक्षा मागायची. नारळ तसाच राहू द्यायचा. तो उचलेपर्यंत मागणे चालू राहते. मंगळवारी गोदूबाय नारळ घेऊन गेली. मोरू गुरवाने नारळ ठेवला आणि तिला बोलायला सांगितले. देवळात आणखीही बायका होत्या.

"आये, ज्या हाताना माज्या बोटीची वीज मारली, तो हात झरू दे," गोदूबाय स्पष्ट आवाजात म्हणाली. "कोनाचा हाय ता तुना ठावं हाय. मी नाव घेत न्हाय."

नाव न घेतल्यामुळे ते सगळ्यांना कळले. काळूरामच्या बायकोने पाणवठ्यावर येणे सोडले. आणि मग एक गोष्ट अशी घडली की खारवाडीला दुसरा विषय उरला नाही: गळाला लागलेला शिंगाळा सोडवताना त्या माशाचा काटा काळूरामच्या उजव्या हातात घुसला. शिंगाळ्याचा काटा विषारी. हात मनगटापर्यंत सुजला. असे काटे जेट्टीवर वर्षातून अनेकांना लागतात, हात सुजतात, उतरतात. पण या हातामागे देवीपुढचा नारळ होता. लोक काळूरामशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता बँडेजकडे बघू लागले. रंगू गोदूबायच्या कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाय, तुजा देव जागा हाय गो!" त्या दिवशी गोदूबाय दोन घास जास्त जेवली.

काळूराम घाबरला होता आणि घाबरलेला माणूस जसा वागतो तसा वागला: त्याने मीटिंग लवकर घ्यायला लावली. त्याचे म्हणणे सरळ होते. पुरावा असेल तर दाखवावा. नसेल तर खोटा आळ घेणारीची जागा काढावी आणि तिने सगळ्यांपुढे माफी मागावी. नानांना मीटिंग तेवढी लवकर बोलवावी लागली. मीटिंगच्या आदल्या दिवशी गोदूबायने विनेशला पुन्हा बोलावले.

तो पेटी घेऊन बोटीत उतरतो न उतरतो तोच तिने सुरुवात केली. "पुन्हा बॅटरी इकाया आलास का?"

"मावशी, तुम्हीच बोलावलंत."

"बोलावलाय तो कापलेली वायर शोधाया. मना कापलेली जागा पायजे. उद्या मीटिंगीत दाखवायची हाय."

"आणि नाही सापडली तर?"

"तर तुजं आंधलं डोलं दाखवीन."

विनेशने काम सुरू केले. बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी जाड लाल वायर त्याने हाताने चाचपत नेली. कुठे चीर नाही, कुठे काप नाही. मग वीज बॅटरीकडे परत आणणारी काळी वायर, तीही धड. मग त्याने मीटर लावले. साडेबारा.

"गेल्या डावाला पन साडेबाराच व्हता," गोदूबाय म्हणाली. "साडेबारा बगून तू घरी गेलास, आन मी बार्जाखाली जात व्हते. निजलेल्या मानसाची नाडी काय बगतंस? मी किल्ली फिरवते, तेव्हा बग."

"तेच करणार होतो."

"मंग गेल्या डावाला का न्हाय केलास?"

विनेशने मीटरच्या दोन वायरींचे टोकदार काटे बॅटरीच्या खुंटांवर धरले. तिने किल्ली फिरवली. टक्. पडदा विझला. बॅटरीच्या खुंटांवर आकडा थोडाच खाली आला होता. मग त्याने काटे इंजिनापाशी धरायला घेतले आणि तिला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितले. तिथे आकडा पाचावर कोसळला.

"वीज निघते, पण पोचत नाही," विनेश म्हणाला.

"वाटंत कोन खातंय?"

"तेच शोधतोय. जरा गप्प बसाल का?"

ती चक्क गप्प बसली. विनेशने लाल वायरीचा मार्ग तपासला; एक काटा या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि किल्ली फिरवायची. वाट मोकळी असेल तर मीटर हलत नाही; अडथळा असेल तर तेवढ्यापुरता आकडा उसळतो. लाल वायरीवर मीटर हलले नाही. काळ्या वायरीवर हलले, आणि चांगलेच हलले. मग तो एकेक सांधा धरत मागे मागे गेला आणि मागच्या बाकाच्या कोपऱ्यात येऊन थांबला. तिथे एक पितळेची पट्टी होती. बोटीतल्या सगळ्या काळ्या वायरी तिच्यावर नटांनी आवळलेल्या होत्या. वायरीच्या टोकाच्या कडीवर एक काटा, पट्टीवर दुसरा. दोन्हींत नखाएवढेही अंतर नव्हते. किल्ली फिरवली आणि आकडा उसळला.

"इथे," विनेश म्हणाला.

गोदूबाय उभी राहिली. "हितंच! हितंच वाकला व्हता तो भारया! काय केलाय बग, नट ढिला केला ना?"

विनेशने पाना लावला. नट ढिला नव्हता. उलट जोर लावावा लागला. कडी सुटली. त्याने ती उलटी केली आणि तिच्यापुढे धरली.

कडीच्या खालच्या बाजूला आकाशी रंगाचा जाड थर होता. पट्टीवरही तोच. रंगाला जिथे चीर गेली होती तिथे खारट ओलाव्याने हिरवट झालेली हळद आणि कुंकवाचा लाल चिखल बसला होता.

गोदूबायने वाकून कडी बोटांत धरली. श्रावणातली ती दुपार तिला जशीच्या तशी दिसली. दुसऱ्या दिवशी नारळी पुनव. आभाळ भरून आलेले. कोपऱ्यातली ती पट्टी हिरवी पडलेली, पूजेला बरी दिसणार नाही म्हणून तिने कड्या सोडल्या, पट्टीवर छान दोन हात मारले, आणि पाऊस येईल या घाईत रंग ओला असतानाच कड्या पुन्हा आवळून टाकल्या. रंगातून वीज जात नाही, हे तिला माहीत नव्हते असे नाही. पट्टी म्हणजे तिला विजेची वस्तू वाटलीच नव्हती. बोटीचा एक भाग वाटला होता, आणि बोट रंगवायची असते. नटाच्या आट्यांतून जेमतेम वीज जात राहिली. मग खंडेनवमीला तिने त्याच कोपऱ्यात हळदकुंकू वाहिले आणि वरून नारळाचे पाणी शिंपडले. बोटीला तिने दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. त्यामुळे हात कोणाचा, हा प्रश्न उरलाच नव्हता.

"मावशी," विनेश हळू आवाजात म्हणाला, "मी कोणाला सांगत नाही."

"तुना कोन इचारतंय? घास ती पट्टी."

विनेशने पॉलिश पेपरने पट्टी पिवळीधमक होईपर्यंत घासली, ती रंगलेली कडी कापून वायरीला नवी बसवली, बाकीच्या कड्या घासल्या, नट आवळले, वरून ग्रीस लावले. गोदूबायने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात उठले आणि पडद्याने डोळासुद्धा मिटला नाही.

पेटी आवरता आवरता विनेश म्हणाला, "उद्या एवढंच सांगा, की बाकाच्या कोपऱ्यातला सांधा बिघडलेला सापडला. खोटंही नाही. कोणी बिघडवला ते लोक आपलं समजून घेतील."

तो गेल्यावर गोदूबाय बोटीतच बसून राहिली. विनेशचे बोलणे सोयीचे होते. तसे सांगितले तर जागा राहणार होती, आणि काळूराम जन्मभर बँडेज बांधलेला चोर म्हणून राहणार होता. खरे सांगितले तर चूक तिची, आळ खोटा, आणि जागा काढायला कमिटीला कारणच कारण. काळूरामची तिला दया येत नव्हती. तिने मनात डोकावून पाहिले, खरोखरच येत नव्हती. अडत होते ते दुसरीकडे. तिने देवीला खोटा पत्ता देऊन ठेवला होता. आणि आपल्या हातचे काम दुसऱ्याच्या नावावर गेलेले तिला आयुष्यात कधी खपले नव्हते. मिठाची रास असो, बोटीचा रंग असो, की बाळाजीच्या गिऱ्हाइकांनी वाखाणलेले कालवण असो. आता चूक झाली म्हणून ती मात्र दिराच्या नावावर जावी, यात तिला काहीतरी लबाडीचे वाटले.

ती तशीच उठून देवळात गेली. मोरू गुरव झाडत होता.

"मोरू, नारल उचलायचा हाय."

मोरूने केरसुणी थांबवली. "का गो? लागू परलाय ना? कालूचा हात बगितलास का?"

"चुकीच्या मानसाला लागू परलाय."

"मंग खरा कोन? देवीला नाव सांगावा लागंल."

"गोदू बाळाजी."

मोरूने केरसुणी भिंतीला टेकवली. मग त्याने नारळ उचलून तिच्या हातात दिला. "फोरायचा का?"

"फोर. आन खोबरा तूच खा, म्हंजे तोंड जरा वेल तरी बंद राहील."

दुसऱ्या दिवशी जाळी विणायच्या शेडमध्ये मीटिंग भरली. एरवी कमिटीच्या मीटिंगला चार टाळकी असत. आज बसायला जागा नव्हती. काळूराम पुढेच बसला होता, सुजलेला हात छातीशी धरून. नानांनी विचारले, "गोदू, पुरावा काय?"

कापून काढलेली जुनी कडी तिने मुद्दाम न घासता ठेवली होती. ती तिने नानांच्या पुढे टेबलावर ठेवली. "ह्यो रंग बगा. पितलेच्या पट्टीला मी रंग मारला, वरून हलदकुकू वाहिला. वीज तिथंच अडत व्हती. वायर कोनी तोरली न्हाय. मी केलाय."

मग मागून कोणीतरी हसले, आणि मग बरेच जण हसले.

"स्वतःच्याच हाताला शाप दिलान!" एकजण ओरडला.

"हसा," गोदूबाय म्हणाली. "तुमच्या बोटींच्या पट्ट्या पन बगून घ्या, मंग हसा." दोघेतिघे हसायचे थांबले; त्यांनीही श्रावणात ब्रश चालवला होता.

काळूराम उभा राहिला. "बोलली ना तोंडानं? आता जागा काढा. बोट खराब, बाई त्याहून खराब."

नानांनी कडी उचलून उजेडात धरली, नखाने रंग खरवडला. "बोट खराब असंल तर जागा जाईल," ते म्हणाले. "बाईचा नियम कमिटीत न्हाय. चला, चालू करून दाखव."

सगळे जेट्टीवर आले. गोदूबायने दोर सोडला, बोट खाडीच्या मध्यावर, जिथून बार्ज जातात तिथे नेली आणि सगळ्यांच्या देखत इंजिन बंद केले. तिने पडदा, वायरलेस, सगळे दिवे लावले, आणि किल्ली फिरवली. इंजिन उठले. पुन्हा बंद केले, पुन्हा सुरू केले. पुन्हा, आणि पुन्हा, नानांनी हात वर करून 'पुरे' म्हणेपर्यंत. एकदाही दिवा मंदावला नाही. ती परत येऊन बोट बांधू लागली तेव्हा नाना म्हणाले, "जागा राहिली."

माणसे पांगायला लागली होती. काळूरामने त्यांना थांबवले. त्याचा आवाज चिरकत होता. "आन माजा काय? गावभर मी चोर जालो. माजी बायको पान्याला जात न्हाय. लोक माज्या हाताकरं बगून थुकतात. जागा राहिली म्हंजे जाला का? माफी माग, वयनी. सगल्यांच्या म्होरं माग."

माणसे पुन्हा जमली. नानांनीही मान हलवली. मागणी रास्त होती. गोदूबायने दोराची गाठ पुरी केली, हात लुगड्याला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वायर तू तोरली न्हाईस, तेवऱ्याची माफी घे," ती म्हणाली. "भाऊ गेला त्या दिसापासून बोट गिलाया बसलास, त्याची माफी तू माग. आन हात डाक्टरला दाखव. काटा शिंगाल्याचा हाय; देवीला तुज्याशी काय पन काम न्हाय."